टपालपेटी : न वितळवता जोडलेले ॲल्युमिनियम

या वेळच्या टपालात फ्रिक्शन स्टर वेल्डिंगवरची पत्रे सर्वांत जास्त निघाली. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कठीण पोलादाचे एक टूल असते. त्याला वर रुंद शोल्डर आणि खाली आखूड पिन. हे टूल फिरत फिरत दोन प्लेटांच्या सांध्यात उतरते, घर्षणाने धातू मऊ पडतो, पिन तो ढवळते आणि शोल्डर वरून दाबून धरतो. ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू साधारण ५८० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. सांध्यातले तापमान मात्र ४०० ते ५०० अंशांतच राहते, म्हणजे धातू कुठेही पातळ होत नाही. फिलर नाही, गॅस नाही, आर्क नाही. ही पद्धत इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत १९९१ मध्ये निघाली.

आलेल्या पत्रांत आरपीएम (टूलचे मिनिटाला फेरे) आणि फीड (टूल मिनिटाला किती मिमी पुढे सरकते) सगळ्यांनी लिहिले आहे. शोल्डर प्लेटमध्ये किती बुडतो, हे मात्र एकानेही लिहिलेले नाही. निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आमच्याकडे ६ मिमी जाडीच्या ६०६१-टी६ (टी६ म्हणजे उष्णतेने कडक केलेली अवस्था) प्लेटा व्हर्टिकल मिलिंगवर जोडतो. शोल्डर १८ मिमी, पिन ६ मिमी व्यासाची आणि ५.७ मिमी लांब, हेड २ अंश कललेले, १००० आरपीएम, फीड ६३. वरून वेल्ड आरशासारखे दिसते, पण खालची बाजू बाहेर ठेवून वाकवले की सांधा मुळापासून उघडतो. आरपीएम वाढवावा का?
— वर्कशॉपमालक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : आरपीएमला हात लावू नका. तुमची पिन तळापर्यंत पोहोचतच नाही. हिशेब करून पाहा.

हेड २ अंश मागे कलले की शोल्डरची मागची कड, म्हणजे टाच, त्याच्या मध्यापेक्षा खाली जाते. १८ मिमी शोल्डरसाठी हा फरक ९ गुणिले साइन २ अंश, म्हणजे ०.३१ मिमी. टाच प्लेटमध्ये ०.२ मिमी बुडवली असे धरले, तर शोल्डरचा मध्य अजून प्लेटच्या ०.११ मिमी वर असतो. ५.७ मिमीची पिन तेवढी वर उचलली जाते. पिनच्या टोकाची मागची कड कलामुळे ०.१ मिमी खाली येते, ती भर धरली तरी पिन ५.६९ मिमीपर्यंतच जाते. खाली ०.३१ मिमी थर ढवळलाच जात नाही. तिथे दोन प्लेटा नुसत्या चिकटून बसतात आणि वाकवल्यावर सुटतात. खाली ०.१५ मिमीच थर ठेवायचा असेल तर पिन ५.८५ मिमी हवी, आणि ती शोल्डरच्या बाहेरच्या कडेच्या पातळीपासून मोजायची. शोल्डर आत खोलगट असेल तर आतल्या तळापासून मोजलेले माप फसवते.

एवढ्यावर काम संपत नाही. मिलिंग मशीनचे हेड आणि नी (टेबल वर-खाली करणारा भाग) भाराखाली थोडे उचलले जातात. डायलवर ०.२ दिसत असले तरी प्रत्यक्षात टाच ०.१ च बुडालेली असू शकते. हे ओळखायला व्हर्नियर पुरतो. वेल्डवर उमटलेल्या पट्ट्याची रुंदी मोजा. १८ मिमी शोल्डर आणि २ अंश कल असताना टाच ०.१ मिमी बुडाली तर पट्टा साधारण १३ मिमी रुंद येतो, ०.२ बुडाली तर १७ च्या आसपास, आणि ०.३ बुडाली तर जवळजवळ पूर्ण १८. डायलपेक्षा या मापावर विश्वास ठेवा. पट्टा सुरुवातीला १७ आणि शेवटी १३ भरत असेल, तर बेड किंवा प्लेट समपातळीत नाही. वेल्ड करण्याआधी सांध्यावरून डायल इंडिकेटर फिरवा. ३०० मिमीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर खाली शिम (पातळ पत्रा) द्या किंवा बॅकिंग प्लेट, म्हणजे जॉबखालची आधाराची प्लेट, ग्राइंड करून घ्या. ‘सहा मिमी’ म्हणून आलेली प्लेटही मायक्रोमीटरने चार जागी मोजा. पिन आणि बॅकिंगमध्ये ०.१५ मिमी ठेवायचे असताना जाडीतला ०.१ मिमीचा फरक लहान नसतो.

पिन उलट जास्त लांब केली तर ती बॅकिंग प्लेटला घासते, जॉब बॅकिंगला चिकटतो आणि पिनचे टोक झिजते. मिलिंगवर क्विल (स्पिंडल वर-खाली नेणारी नळी) लॉक करा, खोली नीने द्या आणि हेडचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. कल दिलेल्या हेडचे बोल्ट भाराखाली सरकतात.

जाता जाता एक गोष्ट. माल मागवताना दुकानदार ‘एचई २०’ म्हणतो तो ६०६१, ‘एचई ३०’ म्हणजे ६०८२ आणि ‘एचई ९’ म्हणजे ६०६३. तिन्हींची चादर दिसायला सारखीच, पण ६०६३ मऊ असल्याने सेटिंग बदलते. टेस्ट सर्टिफिकेट बघितल्याशिवाय सेटिंगला दोष देऊ नका.

प्रश्न : फीड ६३ होते तोवर वेल्ड ठीक होते. उत्पादन वाढवायला फीड २०० केले, आरपीएम १००० च ठेवला. वरून काहीच दिसत नाही, पण फेस मिलिंग केल्यावर आत सरळ लांब भोक सापडले. हेच टनेल का? ते एकाच बाजूला का येते?
— प्रॉडक्शन सुपरवायझर, मिरज

उत्तर : हेच टनेल. ते बहुधा ॲडव्हान्सिंग बाजूला, पिनच्या खालच्या भागात येते. टूल ज्या दिशेने जाते तिकडे तोंड करून मागे उभे राहा. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर तुमच्या डाव्या हाताची बाजू ॲडव्हान्सिंग, उजवी रिट्रीटिंग. पिन धातू पुढून ओढून रिट्रीटिंग बाजूने मागे नेते. मागे पोकळी भरताना धातू सर्वांत शेवटी ॲडव्हान्सिंग बाजूला पोहोचतो. कमी पडला की तिथेच कमी पडतो.

तुमच्या बाबतीत आधी दर फेरीमागचा सरक बघा. १००० आरपीएमला ६३ फीड म्हणजे प्रत्येक फेरीत टूल ०.०६३ मिमी पुढे जाते, २०० फीडला ०.२ मिमी. वेल्डच्या पृष्ठभागावरची अर्धगोल वळ्यांची ओळ याच अंतराने उमटते, भिंगाखाली मोजता येते. ०.२ हा आकडा मुळात अशक्य नाही. दाब मोजून तो कायम ठेवणाऱ्या खास मशीनवर यापेक्षा वेगाने काम चालते. पण तुमच्याकडे मिलिंग आहे. फीड वाढले की टूलपुढचा धातू कमी तापतो, कमी तापलेला धातू टूलला जास्त रेटतो, मशीन किंचित उचलले जाते आणि टाच वर येते. म्हणजे बदललात फीड, बदलली खोली. फीड ६३ वरून ८०, मग १००, असे पायरीने न्या आणि प्रत्येक पायरीला पट्ट्याची रुंदी मोजून खोली पुन्हा लावा. शंभरला टनेल नाही आणि सव्वाशेला आहे, असे दिसले तर त्या मशीनची मर्यादा तीच समजा.

दुसरे कारण सांध्यातली फट. तिचाही हिशेब होतो. वर दिलेल्या टूलची टाच ०.२ मिमी बुडाली की पट्ट्याखालून सुमारे अडीच चौरस मिमी आडव्या छेदाचा धातू खाली ढकलला जातो. फट ०.५ मिमी असेल तर ६ मिमी जाडीत ३ चौरस मिमीचा खड्डा भरायचा असतो. धातू मुळातच अपुरा, त्यात काही भाग फ्लॅश (शोल्डरच्या कडेने सांडणारा धातू) होऊन बाजूने निघून जातो. ०.२ मिमी फट असेल तर १.२ चौरस मिमी लागतात, ते भागते. म्हणून कडा गॅस कटिंगने किंवा शिअरिंगने ठेवू नका, मिलिंग करून चौकोनी करा. क्लॅम्प वरून जितके लावता तितकेच बाजूने लावा. पिन आत शिरते तेव्हा दोन प्लेटांना पाचर ठोकल्यासारखी अलग करते. सांध्याच्या सुरुवातीला फट नसते, मध्येच उघडते आणि टनेलही मध्यापासून सुरू होते. असे दिसले तर बाजूचा आधार कमी पडतो आहे.

तिसरे कारण पिनवरच्या आट्यांची दिशा. स्पिंडल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर पिनवर डावे आटे हवेत. ते धातू खाली ढकलतात. उजवे आटे असले तर ड्रिल जसा चुरा वर काढतो तसा धातू वर येतो, शोल्डरबाहेर फ्लॅश पडतो आणि तळात टनेल राहते. बाजारातला तयार बोल्ट घासून पिन केली असेल तर हा दोष हमखास.

टनेल गरमपणामुळेही होते, हे अनेकांना पटत नाही. आरपीएम फार आणि फीड फार कमी ठेवले की धातू इतका मऊ पडतो की फितीसारखा फ्लॅश बाहेर पडत राहतो. बाहेर गेलेला धातू आत भरायला उरत नाही. पृष्ठभाग खरबरीत, फाटल्यासारखा आणि फ्लॅश जवळजवळ नाही, तर काम थंड आहे. जाड, सलग फ्लॅश आणि पृष्ठभागावर फोड, तर काम गरम आहे. दोन्हीवर एकच औषध चालत नाही, म्हणून आधी पृष्ठभाग वाचा.

भोक शोधायला प्रत्येक वेळी फेस मिलिंग करायची गरज नाही. वेल्ड आडवे कापा, ६०० नंबर पेपरपर्यंत घासा आणि दहा टक्के कॉस्टिक सोड्याच्या साधारण ६० अंश गरम पाण्यात दोन-चार मिनिटे धरा. काळी राख बसते, ती सौम्य नायट्रिक ॲसिडने काढा. ढवळलेला भाग, टनेल आणि मुळातला न जुळलेला सांधा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम टाकले की हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून करा आणि जवळपास वेल्डिंग-कटिंग चालू ठेवू नका.

प्रश्न : ६०६१-टी६ चा आमचा सांधा ओढून तोडला तर वेल्डमध्ये न तुटता बाजूला तुटतो, आणि ताकद मूळ प्लेटच्या सत्तर टक्केच येते. वेल्ड चांगले की वाईट?
— अंतिम वर्षाचे विद्यार्थी, मेकॅनिकल, कराड

उत्तर : वेल्ड चांगले, प्लेट बिघडली. टी६ ची ताकद आतल्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांतून येते. शोल्डरच्या कडेजवळ तापमान एवढे वाढते की हे कण मोठे आणि विरळ होतात, पण ते पुन्हा विरघळतील इतके वाढत नाही. मध्यभागी कण बरेचसे विरघळतात आणि नंतर थोडेफार परत बनतात. त्यामुळे सर्वांत मऊ पट्टा मध्यभागी न येता दोन्ही कडांना येतो. मूळ प्लेटची कडकपणाची संख्या विकर्समध्ये १०५ ते ११० असते, त्या पट्ट्यात ती ६० ते ७० वर येते. मूळ ताकद ३१० मेगापास्कलच्या आसपास, सांध्याची २०० ते २३०. तुमचे सत्तर टक्के यातच बसतात.

वाढवायचे असेल तर टी४ (एजिंगआधीच्या, मऊ) अवस्थेत वेल्ड करून मग संपूर्ण जॉब १७५ अंशांना सुमारे आठ तास एजिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, ठेवा. टी६ मध्ये वेल्ड करून नंतर एजिंग केले तर मध्य सुधारतो, कडेचा मऊ पट्टा फारसा नाही. तिथले मोठे झालेले कण एजिंगने लहान होत नाहीत. एवढे करणे परवडत नसेल तर कडेला प्लेट जाड ठेवा. ५०८३ सारख्या मिश्रधातूत हा प्रश्नच नाही, कारण त्याची ताकद कणांवर नाही, विरघळलेल्या मॅग्नेशियमवर आहे. मऊ अवस्थेतल्या ५०८३ चा सांधा मूळ प्लेटइतका भरतो. पण तो ६०६१ पेक्षा टूलला जास्त रेटतो, त्याला तुमचे ६०६१ चे फीड देऊ नका.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फक्त आरपीएम, फीड आणि ताकद असा तक्ता देऊ नका. पट्ट्याची रुंदी आणि तुटण्याची जागा हे दोन रकाने घाला, तक्त्याला अर्थ येईल.

प्रश्न : आम्ही ईएन ३१ (बेअरिंगचे पोलाद) चे टूल करून ६० एचआरसीपर्यंत (रॉकवेल कडकपणा) कडक केले. पहिल्याच जॉबला पिन मुळाशी तुटली, दुसऱ्याची पिन चार मीटरनंतर वाकडी झाली.
— टूलरूम, सातारा

उत्तर : ईएन ३१ चे टेम्परिंग १५० ते २०० अंशांवर झालेले असते. टूल कामात ४०० अंशांवर गेले की पुन्हा टेम्पर होते, म्हणजे मऊ पडते. दुसरी पिन म्हणूनच वाकली. एच१३ हे गरम कामाचे टूल स्टील घ्या. त्याचे टेम्परिंग साडेपाचशे अंशांच्या पुढे होते, तो तापूनही कडक राहतो. ५० ते ५२ एचआरसी पुरे. साठचा आग्रह धरलात तर ठिसूळपणा विकत घ्याल.

पहिली पिन मुळाशी तुटण्याची कारणे साधारण दोन असतात. एक, पिन आणि शोल्डरच्या कोपऱ्यात गोलाई नसणे. किमान अर्धा मिमी त्रिज्या ठेवा आणि तिथे पार्टिंग टूलचा ओरखडा राहू देऊ नका. दुसरे, गार धातूत घाईने पुढे निघणे. उतरण्याचा वेग मिनिटाला १० मिमीच्या आसपास ठेवा. टाच बसल्यावर ६ मिमी प्लेटसाठी दहा-पंधरा सेकंद जागच्या जागी फिरू द्या आणि पहिले २० मिमी निम्म्या फीडने जा. सांध्यावर पिनपेक्षा थोडे लहान भोक आधी पाडून ठेवले तरी उतरतानाचा भार चांगला कमी होतो.

प्रश्न : बीटी४० मापाच्या स्पिंडलच्या व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर) हे काम करता येईल का? हेड कलत नाही.
— सीएनसी जॉबवर्क, पलूस

उत्तर : ३ मिमीपर्यंत, अधूनमधून, होय. रोजचे उत्पादन म्हणून नाही. मिलिंगच्या कामात स्पिंडलवर खालून वर असा भार फारसा येत नाही, इथे तो सतत शेकड्यांनी किलोचा येतो, आणि जाडी वाढली की टनात जातो. बेअरिंग लगेच जात नाहीत, आधी फिनिशिंगच्या जॉबवर खरखरीतपणा येतो आणि कारण कोणाला सापडत नाही. स्क्रीनवरचा स्पिंडल लोड बघून निर्धास्त होऊ नका. तो फिरवण्याचा भार दाखवतो, दाबाचा नाही.

कल द्यायला फिक्स्चरच पाचरीवर बसवा. टूल पुढे जाताना प्लेट उताराला लागली पाहिजे, चढाला नाही. तरच मागची कड खोल बसते. २ अंशाला दर १०० मिमी सरकीमागे झेड ३.४९ मिमी खाली जाईल असा तिरका जी०१ (सरळ रेषेत सरकण्याची आज्ञा) द्या. हे नको असेल तर सपाट शोल्डरच्या तोंडावर गोगलगाईसारखी खाच कापून शून्य अंशावर चालवा. खाच धातू पिनकडे ओढणारी हवी. उलट दिशेने कापली तर ती धातू बाहेर फेकते. कूलंट बंद ठेवा, आणि सांध्यावर आधीच्या कामाचे कूलंट राहिलेले नाही ना ते ॲसिटोनने पुसून पाहा.

प्रश्न : कूलिंग प्लेटचे झाकण जोडतो. शेवटी पिन बाहेर काढताना राहणारे भोक कुठे न्यावे? गळतीही त्याच्याच आसपास होते.
— वाचक, शिरवळ

उत्तर : सुरुवातीच्या जागेवरून २०-३० मिमी पुढे जाऊन मग टूल सांध्याबाहेर, भरीव भागात वळवा आणि तिथे वर काढा. पुढे जिथे माउंटिंग होल पाडायचे आहे ती जागा सर्वांत सोयीची, कारण भोक त्या ड्रिलिंगमध्येच नाहीसे होते. सरळ सांध्याला त्याच मिश्रधातूचा तुकडा टोकाला क्लॅम्प करून टूल त्यावर न्या आणि नंतर तो कापून टाका. झाकणाखालची बसायची पट्टी शोल्डरच्या निम्म्या व्यासापेक्षा रुंद नसेल तर पोकळ जागेवर दाब पडून झाकण खचते. गळती तिथूनही येते, आणि ती हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून तपासल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात टिगमध्ये (आर्कने वितळवून केलेल्या वेल्डिंगमध्ये) छिद्रे फार येतात. या पद्धतीत?
— फॅब्रिकेटर, पाटण

उत्तर : येत नाहीत. टिगमधली छिद्रे ओलाव्यातल्या हायड्रोजनची, वितळलेला धातू तो शोषतो आणि गोठताना सोडतो. इथे धातू वितळतच नाही. पाटणच्या पावसाला एवढ्या बाबतीत भ्यायचे कारण नाही. मात्र ओल्या हवेत पडून राहिलेल्या कडांवरचा पांढरा ऑक्साइड स्टेनलेस ब्रशने घासून काढा. तो आत ढवळला गेला तर छेदावर नागमोडी काळी रेघ दिसते आणि वाकवताना सांधा तिथून फाटतो.

प्रश्न : तांबे आणि ॲल्युमिनियम बसबार जोडता येतील का?
— पॅनेल बनवणारे, सांगली

उत्तर : येतात. तांबे ॲडव्हान्सिंग बाजूला ठेवा, आणि पिन सांध्याच्या मधोमध न ठेवता ॲल्युमिनियमकडे सरकवा. ६ मिमी पिनसाठी दीड-दोन मिमी, इतकी की तांब्यात पिनचा थोडाच भाग जाईल. पिन तांब्यात खोल गेली तर दोन्हींचे ठिसूळ संयुग जाड थराने बनते आणि सांधा काचेसारखा तुटतो. वर सांगितलेल्या दिशेच्या खुणेप्रमाणे डावी बाजू तांब्याची, हे खडूने बेडवर लिहून ठेवा. शिफ्ट बदलली की प्लेटा उलटसुलट बसतात.